काकी लवूच्या खोपीत

दार नुसतं ओढून घेतलेलं होतं. सत्यवान मास्तरांनी ते ढकललं आणि उंबरठ्यावर उभं राहून "काकी, मी इलंय गो," अशी हाक मारली. पण शब्द तोंडातून निघतानाच आत कुणी नाही हे त्यांना कळलं होतं. चूल सारवून ठेवलेली होती. राख भरून नेलेली, कळशी पालथी घातलेली, खुंटीवरचं लुगडं नाहीसं. क्षणभर त्यांना भलतंच वाटलं, कारण माणूस गेल्यावरच घर असं आवरतात. मग दुसऱ्या क्षणी त्यांना स्वतःचंच हसू आलं. आज सगळा गावच असा आवरलेला होता. रामेश्वराने कौल दिला होता, गावपळण होती. दिवस मावळायच्या आत आचऱ्यात माणूस, गुरं, कोंबडं, कुत्रं काही म्हणजे काही उरायचं नव्हतं, आणि देव पुन्हा कौल देऊन परत बोलावीपर्यंत सगळ्यांनी शिवेबाहेर खोपी घालून राहायचं होतं. काकीला न्यायलाच तर ते मालवणहून रजा काढून आले होते. मागे अंगणात दोन माणसं शाळेतल्या हातांच्या खुर्चीला दोन्ही बाजूंनी बांबू बांधून उभी होती. काकीचे गुडघे आता चढण घेत नाहीत, हे मास्तरांनी आधीच ध्यानात घेतलं होतं. खुर्चीवर घालायला त्यांनी उशीसुद्धा आणली होती.

शेजारची हौसाबाई आपल्या अंगणात कोंबड्यांचे पाय बांधत बसली होती. तिने मान वर केली.

"मास्तरानू, कोणाक सोधतास?"

"काकीक. खंय गेली?"

"ती सकाळीच गेली मा. लवूचो गाडो इल्लो. लवूवांगडा गेली."

"लवूवांगडा? मी येतलंय म्हणान सांगलेलंय तेका."

"सांगलास आसतलास," हौसाबाई म्हणाली आणि एका कोंबडीच्या पायांना गाठ मारली. "पण पळणीक मानूस आपल्या मानसांत जाता. तुमी आपले मालवणचे पावणे." मग तिची नजर खुर्चीवर गेली. "ही खुर्ची मोकळीच चल्ली? मगे माजी कोंबडी घेवा तेच्यार. तुमका पुण्य लागात."

नाही म्हणायला काही कारण सापडेना. हौसाबाईच्या सहा कोंबड्या काकीच्या उशीवर बसून गावाबाहेर निघाल्या. रस्त्यावर सगळा आचरा लोटला होता. डोक्यावर बोचकी, खांद्यावर पोरं, दाव्याला गुरं. ज्याची नजर खुर्चीवर पडे तो हसे, आणि ते हसणं साधंच होतं, पळणीला निघालेली माणसं एरवीही हसतच असतात. पण मास्तर खुर्चीच्या मागून चालत होते आणि त्यांना दोनच शब्द ऐकू येत होते. आपल्या मानसांत. आपल्या मानसांत. लवू म्हणजे काकीचं कूळ. त्याच्या बापापासून काकीचे कुणगे, खाडीकडची भातखाचरं, तो कसत होता. चांगला माणूस, खंडाचं भात वेळेवर घालणारा; मास्तरांनी त्याच्याबद्दल कधी वाईट शब्द काढलेला नव्हता. उलट काकीला सांगताना ते नेहमी म्हणत, लवू आहे म्हणून शेत आहे. तो त्यांचा मोठेपणा होता, आणि मोठेपणा वरच्या पायरीवरूनच दाखवता येतो हे त्यांना आज पहिल्यांदा जाणवलं. कारण आज ते त्या पायरीवर नव्हते.

शेजारच्या चिंदर गावाच्या बाजूच्या माळावर खोपी उभ्या राहिल्या होत्या. मास्तरांची खोप त्यांनी मागच्याच रविवारी माणूस लावून घालून घेतली होती. वाऱ्याकडची बाजू माडाच्या झापांनी दुहेरी बंद केलेली, आत जमीन चोपून सारवलेली. उजव्या कोपऱ्यात काकीसाठी खाट, खाटेवर गादी, गादीवर पांढरी चादर. विमला, त्यांची बायको, चुलीशी बसून फोडणीची तयारी करत होती. तिने खुर्ची पाहिली, कोंबड्या पाहिल्या, नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि कढई चुलीवर ठेवली. मास्तरच म्हणाले, "ती लवूच्या खोपीत आसा." विमलाने कढईत मोहरी टाकली. मोहरी तडतडून गप्प झाली तेव्हा ती म्हणाली, "मगे बरा झाला. तुमका ती व्हयी होती काय कागद व्हयो होतो?"

मास्तरांचा हात छातीशी गेला. कागद त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात होता, घडी घातलेला. मालवणच्या एका वकिलाने तो करून दिला होता. कुळकायदा आला तेव्हा कसणाऱ्यांच्या नावावर जमिनी झाल्या; पण काकी विधवा, म्हणून ती असेपर्यंत तिची जमीन लवूकडे जात नव्हती. तिच्यामागे मात्र तिच्या वारसाने वर्षभराच्या आत ‘मी स्वतः कसणार’ असा अर्ज केला, तर जमीन परत मिळण्याजोगी होती. वारस कोण, एवढंच काकीने तिच्या हयातीत कागदावर सांगायला हवं होतं. मास्तर पुढच्या जूनमध्ये शाळेतून निवृत्त होणार होते. मालवणातली भाड्याची खोली सोडून काकीच्या घरात यायचं, खाडीकडच्या कुणग्यांत स्वतः उभं राहायचं, संध्याकाळी ओटीवर आसपासच्या पोरांना जमवून शिकवायचं, हे चित्र त्यांनी इतक्या वेळा मनात काढलं होतं की त्याच्या कडा आता गुळगुळीत झाल्या होत्या. पळणीच्या दिवसांत काकी आपल्या खोपीत असेल, कामाची घाई नसेल, तेव्हा कागद नीट वाचून दाखवायचा, एकेक वाक्य समजावून सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. विमलाचा प्रश्न खोटा नव्हता. पण खराही नव्हता. कागद हवा होता. पण ती लवूच्या गाड्यात बसून गेली हे ऐकताना जे आत चरचरलं ते कागदासाठी नव्हतं. कागदाचं दुःख माणूस बायकोला सांगू शकतो.

लवूची खोप उतारावर, एका काजूच्या झाडाला टेकवून घातलेली होती. मास्तरांच्या खोपीच्या तोंडाशी बसलं की ती सरळ दिसायची. ते ठरवून तिकडे पाठ करून बसले, आणि थोड्या वेळाने आपण पुन्हा तिकडेच तोंड करून बसलो आहोत असं त्यांच्या लक्षात आलं. काकी पाटावर बसून नारळ खवणत होती. सत्तरीची बाई, गुडघ्यांनी अधू, विळीवर वाकून अशी जोरात खवणत होती की तिची पाठ हलताना इथून दिसत होती. मध्येच तिने मान वळवून काहीतरी सांगितलं आणि तुळसा, लवूची बायको, हातातली फुंकणी खाली ठेवून हसायला लागली. काकीही हसली. ती हसताना खांदे उडवते हे मास्तर विसरून गेले होते. किती वर्षांत पाहिलं नव्हतं. आपण महिन्याच्या महिन्याला येतो, विमला येते; विमला आली की लगेच पदर खोचून म्हणते, काकी, तुमी बसा. आणि काकी बसते. भिंतीला टेकून, हात मांडीवर ठेवून, गप्प. आपल्याला ते समाधान वाटायचं. म्हातारपणी इतकी विश्रांती किती जणींना मिळते?

अशीच एक पळण होती, फार जुनी. ते तेव्हा सहा-सात वर्षांचे असतील. आईजवळ लहान भावंडं होती, म्हणून त्यांना काकीकडे झोपायला पाठवलं होतं. काकी नवी नवरी. काका मुंबईला गोदीत खलाशी, वर्षातून एकदा येणारा. तिला मूल नव्हतं आणि पुढेही झालं नाही, पण तेव्हा ते कुणाला ठाऊक नव्हतं. तिच्या अंगाला खोबरेल आणि चुलीचा धूर असा वास यायचा, आणि तिच्या कुशीत पडून आभाळाकडे पाहताना त्यांना वाटायचं की गाव सोडून आपण दोघंच कुठेतरी जाऊन राहिलो आहोत. दुसऱ्या दिवशी तिने निखाऱ्यात कणगीचे कंद भाजले. एक मोठी कणगी सोलून तिने मधोमध मोडली, अर्धी त्यांना दिली आणि अर्धी, हात लांब करून, तिच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसलेल्या एका नागड्या पोराला दिली. तो कुळाचा मुलगा लवू. वयाने तेवढाच. तो कधी येऊन बसला होता हेसुद्धा त्यांना कळलं नव्हतं. त्यांनी आपली अर्धी कणगी खाली ठेवली, काकीच्या मागून वळसा घालून गेले आणि लवूच्या दंडाला कडकडून चावले. लवू रडला नाही. कणगी तोंडात तशीच ठेवून तो मोठ्या डोळ्यांनी पाहत राहिला, जणू चावणाऱ्याला काय हवं आहे हे त्याला समजत नव्हतं. काकीने दोघांच्याही पाठीत एकेक धपाटा घातला. मास्तरांना दुखलं ते हे, की धपाटा दोघांनाही सारखाच होता.

पुढे काका वारला तेव्हा ती आपणहून त्यांच्याकडे आली होती. मालवणच्या खोलीत, हातात कापडी पिशवी. पिशवीत सगळे कागद, पोस्टाचं पुस्तक, सातबारे, काकाच्या कंपनीची पत्रं. पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवून ती म्हणाली होती, "सत्या, ह्या तू बघ बाबा." त्या दिवसाइतका अभिमान मास्तरांना हेडमास्तर झाल्यावरही वाटला नव्हता. तेव्हापासून महिन्यातला एक रविवार काकीचा. सर्व्हिस मोटारीने यायचं, ओटीवर बसायचं आणि तिला सगळं सांगायचं. पोस्टात किती आहे, व्याज म्हणजे काय, शेतसारा कुणाला आणि का भरायचा, सातबाऱ्यावरच्या कुठल्या रकान्यात कुणाचं नाव. ते कधी घाई करत नसत. पोरांना भागाकार शिकवतात तसं ते चिंचोके मांडून दाखवत. एका रीतीने नाही कळलं तर दुसऱ्या, दुसरीने नाही तर तिसऱ्या. आवाज कधी चढवला नाही. वर्गातल्या सगळ्यांत मंद पोरावरही त्यांनी कधी आवाज चढवलेला नव्हता; चाळीस वर्षांत त्यांच्या हाताला छडी लागली नव्हती, हे मालवणात सगळ्यांना ठाऊक होतं. काकी चिंचोक्यांकडे पाहत मान हलवत राही. शेवटी म्हणे, "समाजला हां." मग ते समाधानाने चिंचोके गोळा करत.

दुसरा दिवस उजाडला तसे ते माळावर उगाच फिरले. पळणीत कुणाला काम नसतं. पुरुष पत्ते कुटत होते, बाया एकमेकींच्या चुलीशी बसून वर्षभराचं बोलणं काढत होत्या, आणि पोरांना घर सोडून आल्याची मजा आता जुनी झाली होती. मास्तरांनी दोन पोरांना हाक मारली. वाळवट जागा होती, तिथे त्यांनी काठीने आचऱ्याचा नकाशा काढायला घेतला. ही खाडी. हे देऊळ. हा बंदराकडे जाणारा रस्ता. पोरं जमली, आणखी जमली. "आता परत्येकान आपापला घर खंय ता शिंपल्यान दाखवूचा," ते म्हणाले, आणि पोरं शिंपले वेचायला धावली. गाव डोळ्यांआड असताना तो असा वाळूत उभा करायचा ही युक्ती त्यांना तिथल्या तिथे सुचली होती आणि ती चांगली होती. एरवी ते तिच्यात रमून गेले असते. पण त्यांनी जागा निवडली होती ती काजूच्या झाडापासून हाकेच्या अंतरावर. पोरांचा गलका झाला की ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिकडे पाहत. काकीने बघावं. उठून यावं, किंवा निदान तुळसाला सांगावं की बघ, आमचा सत्या बघ कसा शिकवतो. काकी मासे साफ करत होती. तिने एकदाही मान वर केली नाही.

लवूची नात, पाच वर्षांची असेल, शिंपले घेऊन आली. तिने आपल्या आज्याचं घर बरोबर दाखवलं आणि तिथे दोन शिंपले ठेवले.

"दोन कित्याक गो?" मास्तरांनी विचारलं.

"ह्यो आमचो. आणि ही राधाआजी."

"राधाआजीचा घर हय नाय. ता थंय." त्यांनी काकीचा शिंपला उचलून खाडीच्या अंगाला ठेवला.

पोरीने तो विचारपूर्वक उचलला आणि पुन्हा पहिल्याच्या शेजारी आणून ठेवला. "ती आमच्यातच आसता," ती म्हणाली. "निजाक तेवडी थंय जाता."

"सांगितलं तेवढं कर," मास्तर म्हणाले. बाहेर पडलेला आवाज वर्गातला नव्हता. तो शाळेच्या शुद्ध बोलीत, एका दमात, पोरीच्या डोक्यावरून गेला. मुलगी त्यांच्याकडे पाहत राहिली, रडली नाही; आणि तिचे ते मोठे, न समजणारे डोळे ओळखीचे आहेत हे जाणवून मास्तरांनी काठी खाली ठेवली. "बरा, ऱ्हवांदे," ते म्हणाले. "ऱ्हवांदे थंयच." पण शिकवणं मोडलं होतं. पोरं एकेक करून पांगली. निजायला तेवढी तिकडे जाते. म्हणजे रोज. म्हणजे आपण रविवारी यायचो तेव्हा ती आपल्यासाठी घरी येऊन बसायची, पाहुण्यांसाठी ओटी झाडून बसतात तशी. त्या रविवारांवर, त्या समाधानावर, चिंचोक्यांवर, एखाद्या मुलाने सगळ्या पानभर शाई सांडावी तसं काहीतरी पसरत गेलं. ते कुठे कुठे पोचतं हे पाहत ते बराच वेळ वाळूजवळ उभे राहिले. लवू तिच्याशी काय बोलत असेल? काय देत असेल तिला, जे मी दिलं नाही? मी तिचं एक कागदपत्र चुकू दिलं नाही. त्याला सही करता येत नाही.

तिसऱ्या दिवशी जेवणवेळेच्या आधी तुळसा वर आली. "मास्तरानू, वैनी बोलयता तुमका. जेवकच येवा. विमलाबायकव हाडा." लवू-तुळसा काकीला वैनी म्हणत. विमला म्हणाली, तुम्ही जा, माझं डोकं दुखतंय, आणि नवऱ्याने कोट घातलेला पाहून ती म्हणाली, "इतक्या उन्हात कोट?" मास्तर कोट घालूनच गेले.

खोपीत शिरताना वाकावं लागलं. काकीने पाट पुढे सरकवला. तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं, लहानपणी ताप आहे का पाहायची तसं. लवू बाहेरून हात धुऊन आला आणि झापाला टेकून बसला. केस पांढरे, छातीची हाडं दिसणारा, डोळे तेच. बांगड्याचं तिखलं होतं आणि ते काकीच्या हातचं होतं, हे मास्तरांना पहिल्या घासाला कळलं. ते बोलायचं नाही असं ठरवून आले होते आणि दुसऱ्या घासाला बोलले.

"मी खोपीत खाट घातलेलंय तुका."

"बघलंय मी हयसून," काकी म्हणाली. "पांढरी चादर घालून. तेच्यार मी निजलंय आसतंय तर लोकांनी येवन फुलां घातली आसती."

तुळसा पदर तोंडाला लावून हसली. लवूही हसला आणि मास्तरांकडे पाहून थांबला.

"हसांदे रे तेका," काकी म्हणाली. "तोव हसतलो. सत्या, रागावलंस?"

"मी कित्याक रागावतलंय? तुका हय बरा वाटता तर बरा." मग त्यांना राहवलं नाही. "पण इतक्या वर्सांत माज्याकडसून काय कमी पडला, ता तरी सांग. तुजा सगळा मी बघलंय. महिन्याक येवन तुका सगळा समजावन सांगलंय."

"सांगलंस," काकी म्हणाली. ताटातला एक काटा तिने बोटाने बाजूला केला. "हळूहळू सांगतंस. पोरांका सांगतंस तसा. चिंचोके मांडून. माका पयल्याच वेळाक समाजता रे."

मास्तरांचा हात ताटावर थांबला. "मगे मान कित्याक हालयतंस?"

"तुका बरा वाटता म्हणान."

बाहेर कुणाचं तरी वासरू हंबरलं. काकीच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता; तसं असतं तर धरायला काही मिळालं असतं. ती पुढे म्हणाली, "तू येतंस तेवा माका सांगतंस. ह्यो माका इचारता. वैनी, बियाणा खयचा घालू? वैनी, नारळ आता काढू काय थांबू? तेका ठावक नाय म्हणान नाय. ठावक आसा मेल्याक. पण इचारता."

"इचारूचा लागता," लवू म्हणाला. "नायतर सगळो हंगाम गाळी खावच्यो लागतत."

"आणि मी सांगतंय तेचा उलटा करता. मगे आमी झगडतो."

ती हे असं म्हणाली की जणू झगडतो म्हणजे एखादा पदार्थ आहे, रोज ताटात येणारा. मास्तरांनी उरलेला भात कालवला. चाळीस वर्षांच्या मास्तरकीत त्यांनी एकदाही काकीला काही विचारलं नव्हतं. तिला काही ठाऊक असेल आणि ते आपल्याला हवं असेल असं त्यांच्या मनातच आलं नव्हतं. ही गोष्ट त्यांना स्वच्छ दिसली. पण ती दिसल्यामुळे हलकं वाटलं नाही. उलट त्यांना लवूचा अधिकच हेवा वाटला, कारण त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. त्याला ते येत होतं.

जेवण झालं. काकीने हात पुसले आणि भिंत नसल्यामुळे काजूच्या बुंध्याला टेकली. "तुका बोलयलंय ता येगळ्या कामाक," ती म्हणाली. "कुणगे लवूच्या नावार करून टाकूया. मी आसतानाच. माज्यामागे कोर्टात कोण कोणाच्या अंगार जावक नको. काय तो अर्ज मामलतदाराक करूचो लागता, तो तू लिव. तुजा अक्षर बरा."

लवू मान खाली घालून बसला होता. तुळसा भांडी घेऊन बाहेर गेली नाही, जागच्या जागी थांबली. जूनमधलं ते चित्र, कुणगे, पाण्यात स्वतःचे पाय, मास्तरांना एकदा पूर्ण दिसलं आणि मग त्यात लवू उभा होता, आणि तो तिथे नेहमीच उभा होता हेही दिसलं. मला विचारायचं तरी, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते बोलायचं टाळलं, कारण त्याचं उत्तर काकीने आत्ताच, जेवता जेवता देऊन टाकलं होतं.

"कागद आसा?" काकीने विचारलं.

पळणीत कागद कुणाकडे असणार? मास्तरांनी कोटाच्या आतल्या खिशातून घडी काढली, उलगडली आणि पालथी करून मांडीवर ठेवली. पेनचं टोपण काढलं. "कच्चो लिवतंय," ते म्हणाले. "मालवणाक जावन पक्को करतंय."

काकी पुढे वाकली. उन्हाने कागदातून मागची अक्षरं आरपार उमटली होती. "तेच्यार पयलाच कायतरी लिवलला दिसता."

"ता माजा आसा."

"मगे ता खोडू नको," काकी म्हणाली. "ह्या बाजूक लिव."

त्यांनी तारीख घातली, तिचं नाव घातलं, नवऱ्याचं नाव घातलं. मग जमिनीच्या चतुःसीमा यायच्या होत्या, आणि सवयीने त्यांचं तोंड उघडलं: बघ काकी, चतुःसीमा म्हणजे. ते थांबले. "चारी बाजूंका काय काय आसा," ते म्हणाले, "ता माका ठावक नाय. तू सांग."

काकीचा चेहरा उजळला. तो उजळलेला चेहरा त्यांना पुरता दिसला, आणि मग तो लवूकडे वळला.

"लवू, खाडीकडची मेर खंयसून सुरू होता रे?"

"आंब्याकडसून."

"आंबो खंय आसा आता? तुजो बापूस आसतानाच तो पडलो."

"मगे फणसाकडसून म्हणा."

"फणस आपलो नाय. फणस पलीकडच्यांचो."

"पलीकडच्यांचो? मगे तेचे गरे कोणी खाल्ले इतकी वर्सा?"

"तुमी दोगांनी," तुळसा म्हणाली. "माका आठळ्यो तेवढ्यो मिळाल्यो."

काकीचे खांदे उडाले. मग ती आणि लवू दोघं वाळूत बोटाने रेघा ओढायला लागले. तिने ओढलेली रेघ तो पुसायचा, त्याने ओढलेली ती. पाणी कुठून येतं, कुठल्या पुरात बांध सरकला, कोण तेव्हा जिवंत होतं. मास्तर पेन धरून बसले होते. निबवरची शाई सुकली, ती त्यांनी झटकली. त्या सगळ्या बोलण्यात त्यांना ठाऊक असलेलं एकही माणूस नव्हतं. एका क्षणी जरा शांत झालं तेव्हा त्यांनी विचारलं, आणि आपला आवाज त्यांना पोरगेला वाटला, "आणि घराचा?"

"घराचा काय?"

"घर कोणाचा लिवू?"

मीठ घालू का असं कुणी विचारावं तसं काकीने त्यांच्याकडे पाहिलं. "घर तुजाच मा," ती म्हणाली. "तेचा काय लिवचा?" आणि ती पुन्हा रेघेकडे वळली.

एवढंच. ज्याच्यासाठी रजा काढली, खाट घातली, कागद छातीशी धरून तीन दिवस हिंडले, ते अर्ध्या श्वासात होऊन गेलं होतं. घराचं दार कुठल्या अंगाला, विहीर कुणाच्या वाटणीची, परसातला माड कुणी लावला, यातलं तिने काही काढलं नाही. त्यांना वाटलं, तिने काढावं. आपण काहीतरी चुकीचं सांगावं आणि तिने आपली रेघ पुसावी. जे बोलावंच लागत नाही इतकं आपलं, म्हणून ती बोलली नाही. की ज्याच्याबद्दल बोलायला तिच्याजवळ काही नाही, म्हणून? दोन्ही गोष्टी एकाच आवाजात सांगता येतात. ते काकीच्या वाकलेल्या पाठीकडे पाहत राहिले, आणि तिथून काही कळेना.

"मास्तरानू," लवूने मान वर करून विचारलं, "पूर्वेक काय लिवलास?"

"अजून काय नाय," मास्तर म्हणाले. "तुमचा ठरांदे."